पदक नेमकं कशाचं? वैद्यकीय विद्यार्थ्यांची बक्षिसं आणि त्यामागचा विचार

भोकरदनला बोलायला बोलावलं की आम्हाला जरा दडपण येतं. हे गाव जुनं आहे. सातवाहनांच्या काळात याचं नाव भोगवर्धन होतं. इथल्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती मूर्ती आणि थेट इटलीतल्या पाँपेईला सापडलेली मूर्ती यांत सारखेपणा आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. एवढा लांबचा व्यवहार असलेल्या गावात कुणी बाहेरचं काही नवीन सांगावं, तर लोक आधी ते तपासून घेणार. घ्यावंच.

आजचा विषय तसा साधा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना बक्षिसं देतात, सुवर्णपदकं देतात, शिष्यवृत्त्या देतात. ती का द्यायची, कुणाला द्यायची आणि त्यातून नेमकं काय होतं? आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. त्यामुळे कुणाचा गुडघा दुखत असेल तर व्याख्यानानंतर आमच्याकडे येऊ नका. (हशा)

मग हा विषय आमच्याकडे आला कसा? मागच्या महिन्यात याच तालुक्यातले एक गृहस्थ घरी आले. शेतकरी माणूस. थोडी जमीन रस्त्यात गेली, त्याचा मोबदला आला. म्हणाले, "सर, आईच्या नावानं गोल्ड मेडल ठेवायचंय. मेडिकल कॉलेजला. बाळंतपणाच्या विषयात जो पहिला येईल त्याला. नियम तेवढे तुम्ही लिहून द्या." त्यांची आई त्यांच्या धाकट्या भावाच्या वेळी गेली. रात्री जीप मिळाली, पण औरंगाबाद गाठेपर्यंत उशीर झाला होता. हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. आम्ही म्हणालो, देतो लिहून, दोन दिवस द्या. दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. लिहायला बसलो की कळायचं, आपल्याला उत्तर येत नाही. आज तुमच्यासमोर तेच उत्तर मोठ्यानं शोधायचं आहे.

तीन वस्तू, एकच नाव

आपण 'बक्षीस' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली गोष्ट म्हणजे गौरव. काम झालेलं असतं, आपण मागे वळून म्हणतो, छान केलंस. सुवर्णपदक हे त्यातलं. दुसरी गोष्ट म्हणजे मदत. काम अजून व्हायचंय, ते होण्यासाठी आपण पैसा, जागा, पुस्तकं देतो. शिष्यवृत्ती ही त्यातली. तिसरी गोष्ट म्हणजे रोख. म्हणजे पैसे नव्हेत हं, नजरेचा रोख. एखाद्या प्रश्नाकडे हुशार माणसांची नजर वळावी म्हणून आपण त्या प्रश्नावर बक्षीस लावतो. निबंधस्पर्धा, संशोधन पारितोषिक ही त्यातली.

तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण आपल्याकडे फार जुनं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी कच्छ-काठेवाडातल्या बालकन्याहत्येवर इंग्रजीत निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळालं. त्यानंतर ते ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले. हे कॉलेज १८४५ साली सुरू झालं. त्याच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये जे पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी होते. पुढे त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर देशी औषधं तपासली, शिलालेख वाचले, मुलींच्या शाळांना हात दिला. आता हे सगळं त्या निबंधाच्या बक्षिसामुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही, तो तर्कदोष होईल. पण एवढं खरं की त्या बक्षिसानं एका तरुणाला मुली का मारल्या जातात यावर बसून विचार करायला लावलं. नुसता 'वर्गात पहिला' म्हणून पदक दिलं असतं, तर त्यानं हे काम केलं नसतं.

या तिन्हींची गल्लत झाली की अन्याय होतो. कसा होतो, ते एका गोष्टीतून बघू. गोष्ट सुरू होते स्कॉटलंडमध्ये आणि संपते मुंबईत.

एडिथ पेचीची शिष्यवृत्ती

१८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठानं पहिल्यांदा बायकांना वैद्यकीच्या वर्गात घेतलं. सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणी. त्यांना पुढे 'एडिंबराच्या सात जणी' म्हणू लागले. त्यांतली एक एडिथ पेची. अट अशी होती की बायकांचे वर्ग वेगळे भरतील. शिकवणारे प्राध्यापक तेच, अभ्यासक्रम तोच, परीक्षाही तीच. वेळ तेवढी वेगळी.

१८७० मध्ये रसायनशास्त्राचा निकाल लागला. तो वर्ग पहिल्यांदाच करणाऱ्यांमध्ये एडिथ पेचीचे गुण सगळ्यांत जास्त होते. या विषयात 'होप शिष्यवृत्ती' होती. ती मिळणाऱ्याला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फी न भरता काम करता येई. म्हणजे आपल्या वाटणीप्रमाणे ही मदत होती, पण ती गुणानुक्रमानं मिळे. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी ती पेचीला दिली नाही. तिच्याहून कमी गुण असलेल्या पुरुष विद्यार्थ्यांना दिली. कारण काय सांगितलं? बायका वेगळ्या वेळी शिकल्या, म्हणून त्या 'वर्गाच्या' विद्यार्थिनी ठरत नाहीत.

प्रकरण विद्यापीठाच्या सेनेटपुढे गेलं. दोन प्रश्न होते. या बायकांना वर्ग पूर्ण केल्याचं नेहमीचं प्रमाणपत्र द्यायचं का? सेनेटनं एका मताच्या फरकानं ठरवलं, द्यायचं. मग पेचीला शिष्यवृत्ती द्यायची का? एका मताच्या फरकानं ठरलं, नाही. आम्ही कितीतरी वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण यापेक्षा स्वच्छ व्याघात आम्हाला फळ्यावर लिहिता आला नाही. प्रमाणपत्र सांगतं, तू या वर्गात होतीस. शिष्यवृत्ती सांगते, तू या वर्गात नव्हतीस. दोन्ही कागद एकाच विद्यापीठाचे.

आणि यातली सगळ्यांत बोचरी गोष्ट पुढेच आहे. ही शिष्यवृत्ती ज्या प्राध्यापक होप यांनी ठेवली, त्यांनी तिचा पैसा कुठून उभा केला होता? सुमारे चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी खास स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्यानं दिली होती, त्यांच्या तिकिटांतून! बायकांच्या पैशानं उभी राहिलेली शिष्यवृत्ती पहिल्यांदा एका बाईनं कमावली आणि बाई म्हणूनच तिला ती नाकारली गेली.

वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात या विद्यार्थिनी परीक्षेला जात असताना जमावानं त्यांची वाट अडवली, चिखल फेकला. शेवटी एडिंबरानं त्यांना पदवी दिलीच नाही. पेचीनं १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नची एम. डी. घेतली आणि डब्लिनहून व्यवसायाचा परवाना मिळवला. एडिंबरा विद्यापीठानं या सात जणींना मरणोत्तर पदवी दिली ती २०१९ मध्ये. मध्ये दीडशे वर्षं गेली.

असं काही फक्त विलायतेतच झालं, असं समजू नका. कोलकात्यात कँपबेल मेडिकल स्कूलमध्ये हेमवती सेन नावाची बालविधवा शिकत होती. १८९४ च्या सुमारास ती अंतिम परीक्षेत पहिली आली. सुवर्णपदक तिचं. मुलांनी गोंधळ घातला, बाईला सुवर्णपदक नको. अखेर तिला रौप्यपदकावर समाधान मानावं लागलं. पुढे ती चिनसुरा इथल्या रुग्णालयात बायकांना तपासत राहिली आणि आपली आठवण तिनं बंगालीत लिहून ठेवली. त्या सुवर्णपदकाचं आज कुणाला काही पडलेलं नाही. तिची आठवण मात्र लोक वाचतात.

पेची मुंबईला आली

आता गोष्ट आपल्याकडे येते. मुंबईत बायकांसाठी बायकांनी चालवायचं रुग्णालय उभं राहत होतं, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून. तेच आजचं कामा रुग्णालय. ते चालवायला डॉक्टर हवी होती. १८८३ च्या अखेरीस एडिथ पेची मुंबईला आली. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं आणि ती तिथली प्रमुख वैद्यकीय अधिकारी. बाई डॉक्टरला पुरुष डॉक्टरइतकाच पगार हवा, असा तिचा आग्रह होता.

त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला होता. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः ग्रँट मेडिकलचे, पण ते हयात नव्हते. तेव्हा एडिथ पेचीनं त्यांना धीर दिला आणि लंडनला जाण्यासाठी निधी जमवायला मदत केली. रखमाबाई १८८९ मध्ये गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेला आणि नंतर राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं.

बघा, जिच्या हातून शिष्यवृत्ती हिसकावली, तिनं दुसरीसाठी शिष्यवृत्ती उभी केली. आणि ती गुणानुक्रमानं नव्हे. रखमाबाई कुठल्या परीक्षेत पहिल्या आल्या होत्या म्हणून नव्हे, त्यांना शिकायचं होतं आणि वाट बंद होती म्हणून. एडिथ पेची १९०८ मध्ये गेली. तिच्या नवऱ्यानं तिच्या नावानं लंडनच्या त्याच विद्यालयात शिष्यवृत्ती ठेवली, ती १९४८ पर्यंत दिली जात होती.

आनंदीबाई जोशींचंही तसंच. दहा दिवसांचं मूल औषधपाण्याविना गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे फिलाडेल्फियात शिकून ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षंही पूर्ण झाली नसताना गेल्या. आज त्यांच्या नावानं पुरस्कार आहेत. पण त्या तिथवर पोचल्या त्या पदकाच्या जोरावर नाहीत. कुणी घर दिलं, कुणी वर्गात जागा दिली, कुणी चार पैसे जमवले. मदत आधी झाली, गौरव मागून आला.

गुणांचा एक मार्क आणि आमची एक सही

तर मग सुवर्णपदक वाईट का? तसं नाही. ॲरिस्टॉटलनं मानाबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली. मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, म्हणून तो आयुष्याचं अंतिम ध्येय होऊ शकत नाही. माणसाला मान हवा असतो तो 'आपण खरंच चांगले आहोत ना' याची खात्री पटावी म्हणून. म्हणजे महत्त्वाचं आहे ते चांगलं असणं. पदक ही त्याची पावती. पावती चुकली तरी माल खरा असू शकतो, आणि पावती असून माल खोटा असू शकतो.

वैद्यकीय शिक्षणात ही पावती फाडणं विशेष अवघड आहे. एम. बी. बी. एस. च्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला 'लाँग केस' मिळते. एकाला असा रुग्ण मिळतो की स्टेथोस्कोप ठेवताच दोष ऐकू येतो. दुसरीला असा मिळतो की तो स्वतःचं वयही सांगत नाही. तोंडी परीक्षेला एक परीक्षक सकाळी ताजातवाना असतो, तोच संध्याकाळी पाचला वैतागलेला असतो. त्यातून एका मार्कानं पहिला आणि दुसरी ठरतात. तो एक मार्क म्हणजे ज्ञानातला फरक आहे, असं कुणी शपथेवर सांगेल का?

इथे आमचीही एक चूक कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका महाविद्यालयानं आम्हाला बाहेरचा तटस्थ सदस्य म्हणून बक्षीस समितीवर घेतलं. नाव सांगत नाही. बक्षीस होतं 'उत्तम रुग्णसेवेसाठी'. दात्यानं तेच शब्द लिहिले होते. समितीपुढे आली ती गुणांची यादी. एका तरुण व्याख्यात्यानं एका मुलीचं नाव काढलं. म्हणाला, इंटर्नशिपमध्ये ती रात्री वॉर्डात थांबते, नातेवाइकांना समजेल अशा भाषेत बोलते, रुग्ण तिला नावानं शोधत येतात. कुणीतरी म्हणालं, याचं मोजमाप कसं करणार? वाद नको. गुणांप्रमाणेच देऊन टाकू. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि आम्हीही मान डोलावली. सही केली. ज्या मुलाला मिळालं तो हुशार होता, त्याचा काही दोष नाही. पण ते बक्षीस रुग्णसेवेचं नव्हतं. जे मोजता येतं ते आम्ही दिलं आणि नाव मात्र न मोजता येणाऱ्या गोष्टीचं लावलं. एडिंबराच्या सेनेटवर हसताना आम्हाला आमची ती सही आठवते.

बक्षिसानं मन बदलतं का?

अमेरिकेत १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता मागून ते दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात कोण चित्र काढतंय ते पाहिलं. आधी आमिष दाखवलेल्या मुलांचा चित्रांतला रस कमी झाला होता. अचानक मिळालेल्यांचा झाला नाही.

यावरून सगळी बक्षिसं घातक आहेत असं म्हणू नका. बालवाडी वेगळी, मेडिकल कॉलेज वेगळं. पण बक्षीस आधी दाखवलेलं आणि बक्षीस मागून मिळालेलं यांत फरक पडतो, एवढं ध्यानात ठेवावं.

ॲलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञानं १९८१ च्या आपल्या पुस्तकात बुद्धिबळाचं उदाहरण दिलं. मुलाला खाऊचं आमिष दाखवून खेळायला बसवलं, तर संधी मिळाली की तो फसवणूक करील, कारण त्याला खाऊ हवा आहे. ज्या दिवशी त्याला खेळातलीच गोडी लागेल, त्या दिवशी फसवण्यात अर्थ उरणार नाही. स्वतःला कोण फसवतं? वैद्यकीतली आतली गोडी म्हणजे काय? नाडी हाताला लागणं, निदान जुळणं, घाबरलेला माणूस शांत होणं. या गोडीकडे नेणारं बक्षीस चांगलं. तिच्यापासून दूर नेणारं बक्षीस सोन्याचं असलं तरी नको.

मग नियम काय लिहायचे?

आता त्या गृहस्थांकडे येऊ. आम्ही लिहिलेलं टिपण असं आहे.

पहिलं, आधी ठरवा, गौरव, मदत की रोख. तिन्ही एका पदकात कोंबू नका.

दुसरं, पात्रता आधी आणि उघड लिहा. निकाल लागल्यावर 'वर्ग' या शब्दाचा अर्थ काढत बसायची वेळ येऊ नये.

तिसरं, नाव जे द्याल तेच मोजा. मोजता येत नसेल तर तसं सांगा आणि माणसांना विचारा. वॉर्डातल्या परिचारिकांना, रुग्णांना विचारा. त्यांचं मत गुणपत्रिकेत येत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही.

चौथं, पैशाचा हिशोब करा. समजा एक लाखाची ठेव ठेवली आणि सहा टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला सहा हजार येतात. त्यात सोन्याचं पदक होत नाही, सोन्याचा मुलामा होतो. आणि तेच सहा हजार वीस वर्षांनी कशाला पुरतील? म्हणून दर काही वर्षांनी नियम बदलण्याची मुभा लिहून ठेवा.

पाचवं, बरोबरीचे असतील तर वाटून द्या. एका मार्कासाठी माणसं तोडू नका.

आणि आमचं मत विचाराल तर आईच्या नावाचे पैसे दोन कामांना लावावेत. थोडे मदतीला: जालना जिल्ह्यातल्या ज्या मुलीची वा मुलाची फी, मेस, पुस्तकं अडली असतील त्यांना. आता जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, तेव्हा मुलं शोधायला लांब जायला नको. उरलेले रोखाला: गावातून दवाखान्यापर्यंत पोचायला बाळंतिणीला किती वेळ लागला, कुठे अडलं, हे एखाद्या विद्यार्थ्यानं घरोघर जाऊन नीट नोंदवलं, तर त्या कामाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद विद्यार्थ्यांच्या अशा छोट्या संशोधनाला १९७९ पासून विद्यावेतन देते, म्हणजे ही कल्पना काही आमची नाही. पण त्या आईचा जीव ज्या रस्त्यावर गेला, त्या रस्त्याचा अभ्यास व्हावा, ही इच्छा मात्र आमची.

प्रश्नोत्तरं

*एक तरुण डॉक्टर :* सर, मेडल असलं की पुढे फायदा होतो, हे तुम्ही सोडून दिलंत.

आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर होतो. तिथे तुमचं पदक कुणी बघत नाही. परदेशी अर्ज करताना, नोकरीच्या मुलाखतीत उपयोग होत असेल, नाही म्हणत नाही. घरी आईवडिलांना जो आनंद होतो, तोही लहान नाही. पण तुम्ही दवाखाना टाकल्यावर रुग्ण भिंतीवरचं पदक बघून येईल आणि तुमचं वागणं बघून परत येईल किंवा येणार नाही.

*एक पालक :* मग बक्षिसं बंदच करावीत का?

नको. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, तेव्हा बैलाला त्याचं काय, असं कुणी विचारत नाही. कृतज्ञता दाखवायची आपली ती रीत आहे. फक्त शिंगं रंगवून वैरण विसरू नये.

*मागच्या रांगेतून :* सर, मीच तो. तुमचं पटलं. पण फीत आईचं नाव दिसत नाही. मेडलवर दिसतं.

बरं झालं बोललात. यावर आम्ही पाच आठवडे अडलो होतो. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत, म्हणजे तुमच्या याच गावची. दोन हजार वर्षं झाली. नाव राहावं ही इच्छा तेव्हाही होती, तिच्यात कमीपणा काही नाही. पण ती नावं कोरलीत कुठे? कठड्याच्या खांबांवर, फरशीवर. जो दगड काहीतरी पेलून धरतो, त्याच्यावर. तुम्ही शिष्यवृत्तीला आईचंच नाव द्या. दरवर्षी ती घेणारं लेकरू अर्जावर ते नाव स्वतःच्या हातानं लिहील. नियमांचा कागद आम्ही आणलाय. जाताना घेऊन जा, घरी वाचा, भावाला दाखवा आणि जे खोडायचं ते खोडा.